जुन्नरचीं दानपत्रें व वृद्धांचा निवारा

अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेली मंडळी जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या चढून जातात, गिरिजात्मजाचें दर्शन घेतात, ओसरीवर क्षणभर विसावतात, खालीं पसरलेलें कुकडीचें खोरें पाहतात आणि उतरूं लागतात. म्हाताऱ्या आईस हाताला धरून, नाहीं तर डोलींत बसवून वर नेणारे मुलगेहि त्यांत असतात. ज्या लेण्यांत हा गणपति बसला आहे तें मूळचें बौद्ध भिक्षूंच्या निवासाचें लेणें, आणि त्याच रांगेंतील चैत्यगृह कल्याणच्या एका दात्यानें दिल्याचा लेख तेथें कोरलेला आहे, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येतें.

लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांतून मिळून दीडशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांतून तीसांच्या वर ब्राह्मी लेख वाचण्यांत आले आहेत. इतिहासाचे अभ्यासक त्यांत सातवाहन आणि क्षत्रप यांचा कालक्रम शोधतात. आम्हीं मात्र येथें ते वेगळ्याच कारणासाठीं पुढें घेतले आहेत. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या माणसांस कायद्याचा आधार किती आहे व किती असावयास हवा, हा प्रश्न आज मध्यम वर्गाच्या घरांघरांत शिरला आहे. आणि परक्याच्या छपराखालीं, परक्याच्या अन्नावर राहणाऱ्या मनुष्याची सोय बेभरंवशाची होऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार याच मुलुखांत दोन हजार वर्षांपूर्वीं फार बारकाईनें झाला होता, असें आम्हांस वाटतें.

विहारांत राहणारे सारे भिक्षु वृद्ध होते असें नव्हे. विहार म्हणजे वृद्धाश्रम असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु एका बाबतींत दोघांची स्थिति सारखी होती. भिक्षूनें घर सोडलेलें असे. त्याला मुलगा नाहीं, शेत नाहीं, मिळकत नाहीं. त्याचें अन्न, वस्त्र, पाणी आणि पावसाळ्यांतला निवारा हीं सर्व दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होतीं. आज दाता उदार आहे, उद्यां त्याचें मन फिरलें किंवा तो मेला तर पुढें काय, ही शंका दाते आणि संघ या दोघांनाहि तेव्हां सुचली होती, हें लेखांवरून स्पष्ट दिसतें.

जुन्नरच्या लेखांतील दानांचे प्रकार पाहावे. एका यवनानें संघासाठीं भोजनमंडप दिला आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दिलें आहे. नगरांतील भिक्षुणींच्या निवासाचाहि उल्लेख एका लेखांत आहे. येथवर हीं साधीं दानें झालीं. पण कांहीं लेखांत याच्या पलीकडची सोय आढळते. बांबूचें काम करणाऱ्यांची एक श्रेणी आणि कांसारांची दुसरी, अशा धंदेवाल्यांच्या संघांकडे रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नांतून खर्च चालवावा असें एका ठिकाणीं नमूद आहे. एका शक उपासकानें वीस निवर्तनें जमिनीचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्याकडे लावून दिलें आहे. अशा दानास ‘अक्षयनीवी’ म्हणत. नीवी म्हणजे मूळ भांडवल, आणि तें अक्षय, म्हणजे त्याला कोणीं हात लावावयाचा नाहीं.

या व्यवस्थेचें सर्वांत संपूर्ण वर्णन जुन्नरांत नाहीं, तें शेजारीं नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ व्या वर्षाचा, टांकें व मंडप दिल्याचा लेख आहे; त्याच नहपानाचा जांवई उषवदात यानें ४२ व्या वर्षीं नाशिकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें ठेविले. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: २००० चें वर्षाचें व्याज २४०, आणि वीसास बारानें गुणिलें तरी २४०. एक कार्षापणहि इकडचा तिकडे नाहीं. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि एवढ्यावर न थांबतां हें सर्व निगमसभेंत वाचून दाखविण्यांत आलें व दप्तरांत नोंदविलें, असेंहि सांगितलें आहे.

यांत तीन गोष्टी आहेत. पहिली, देण्याची अट शब्दांनीं लिहिलेली आहे. दुसरी, पैसा दात्याच्या हातांत ठेविला नाहीं आणि घेणाऱ्याच्याहि हातांत दिला नाहीं. तो तिसऱ्याच्या, म्हणजे श्रेणीच्या, हवालीं केला. तिसरी, सारा व्यवहार चारचौघांत वाचला गेला व सरकारी दप्तरीं चढला. उषवदात हा राजाचा जांवई; त्याच्या शब्दावर कोण अविश्वास दाखविणार होतें? तरीहि त्यानें लिहून दिलें. अट लिहिण्यांत दात्याचा किंवा घेणाऱ्याचा अपमान आहे असें त्या काळीं कोणास वाटलेलें दिसत नाहीं.

घरांतल्या वृद्धांची गोष्ट निराळी होती. तेथें लेखाची गरजच मानली जात नसे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा हा दख्खनचा प्रमाणग्रंथ. आणि वृद्ध मातापितरांचें पोषण हें पुत्रावरचें अटळ ऋण होय, वडिलोपार्जित मिळकत हातीं आलेली असो वा नसो, हें तत्त्व इंग्रजी अमदानींतल्या न्यायालयांनींहि मान्य केलें. परंतु त्यासाठीं बापानें मुलावर दिवाणी दावा लावावयाचा! आंबेगांवच्या पश्चिमेकडील एखाद्या वाडींतल्या म्हाताऱ्यानें पुण्यास वकील गांठून पोटच्या पोरावर फिर्याद करावी, हें कायद्याच्या पुस्तकांत शक्य असलें तरी व्यवहारांत अशक्यच होतें. फौजदारी न्यायाधीशाकडून झटपट पोटगी मिळविण्याची सोय १८९८ च्या फौजदारी संहितेंत होती. पण ती बायको आणि मुलें यांच्यापुरती. आईबापांचें नांव तींत नव्हतें. एकत्र कुटुंब हेंच त्यांचें न्यायालय, आणि गांव हीच त्यांची निगमसभा, असें गृहीत धरलेलें होतें.

हें गृहीत जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत दोन बाजूंनीं ढासळलें. पहिली बाजू मुंबईची. या डोंगराळ भागांतले तरुण गिरण्यांत, बाजारांत हमालीवर, आणि खेड व मावळच्या लोकांबरोबर डबे पोंचविण्याच्या धंद्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आले. गांवीं म्हातारीं माणसें आणि शेत, आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर, अशी घराची वांटणी झाली. तरी घर एकच होतें. दिवाळीस आणि जत्रेस तें पुन्हां जुळत असे. दुसरी बाजू पाण्याची. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं धरणें झालीं. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांवच गेलें. धरणांच्या वरच्या अंगाच्या आदिवासी कुटुंबांच्या वांट्यास विस्थापन आलें. खालच्या अंगाला कालव्यांनीं कांदा, द्राक्षें, टोमॅटो आणि ऊस पिकूं लागला. नारायणगांवची टोमॅटोची पेठ दूरवर गाजली, पुणें-नाशिक रस्त्याच्या कडेची जमीन गुंठ्यांनीं विकली जाऊं लागली, आणि ज्या सातबाऱ्याकडे पूर्वीं शेतसाऱ्याच्या वेळीं तेवढें पाहिलें जाई त्याच्यावर म्हाताऱ्याच्या नांवापुढें लाखोंची किंमत दिसूं लागली. म्हातारपणीं नांवावर जमीन असणें ही पूर्वीं मानाची गोष्ट होती. आतां ती धोक्याचीहि झाली.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानें हळूहळू पाऊल पुढें टाकलें. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें वृद्ध किंवा दुर्बल मातापितरांचें पोषण मुलगा आणि मुलगी या दोघांवरहि बंधनकारक केलें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमांत प्रथमच आईबापांचें नांव आलें, आणि धर्म कोणताहि असो, स्वतःचें पोट भरूं न शकणाऱ्या मातापित्यांस न्यायाधीशाकडे जातां येऊं लागलें. आज तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेच्या १४४ व्या कलमांत आहे. या कलमाचा कस आपल्याच प्रांतांत लागला. कल्याण येथें वैद्यकी करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनीं पोटगी मागितली. कलमाची भाषा पुल्लिंगी आहे, सबब मुलीवर जबाबदारी नाहीं, असा युक्तिवाद झाला. १९८७ सालीं विजया मनोहर आर्बट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला आणि लग्न झालेली मुलगीहि स्वतःची मिळकत असल्यास बापाच्या पोषणास बांधलेली आहे, असें ठरविलें.

यापुढचें मोठें पाऊल म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाबद्दलचा २००७ चा कायदा. महाराष्ट्रांत तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. त्यानें दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता टाळला. साठ वर्षांवरील मनुष्यानें, किंवा त्याला शक्य नसल्यास त्याच्या वतीनें दुसऱ्यानें वा संस्थेनें, न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करावयाचा. न्यायाधिकरणावर प्रांताच्या खालच्या दर्जाचा अंमलदार असावयाचा नाहीं. नोटीस पोंचल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, निकाल द्यावयाचा. मूल नसलेल्या वृद्धास, त्याची मिळकत ज्याच्याकडे आहे किंवा वारशानें जावयाची आहे अशा नातेवाइकाकडूनहि निर्वाह मागतां येतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहेत. जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांचा उपविभाग एकच असून त्याचे उपविभागीय अधिकारी मंचरास बसतात. म्हणजे ज्या म्हाताऱ्यास पूर्वीं पुण्याची वाट धरावी लागली असती त्यास आतां एस. टी. नें मंचरापर्यंत गेलें म्हणजे पुरें. दरमहा दहा हजारांहून अधिक निर्वाह मात्र या कायद्यान्वयें देतां येत नाहीं, आणि औषधांच्या आजच्या किंमती पाहतां ही मर्यादा तोकडी आहे.

या कायद्याचें २३ वें कलम आमच्या विषयाच्या मर्मापाशीं येतें. आपला सांभाळ होईल या अटीवर ज्येष्ठ नागरिकानें मिळकत दिली, आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर तें देणें रद्द ठरवितां येतें. हें कलम चांगलें. पण अट होती हें सिद्ध कसें करावें? महाराष्ट्रांत २०१५ पासून राहतें घर किंवा शेतजमीन मुलाबाळांस बक्षीस देण्याचें मुद्रांकशुल्क दोनशें रुपयांवर आलें. सवलत सद्धेतूचीच होती. परंतु त्यामुळें बक्षीसपत्र करणें जितकें स्वस्त झालें तितकेंच तें अविचारानें करणेंहि सोपें झालें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत बहुतेक कागदांवर ‘प्रेमापोटीं दिलें’ एवढेंच लिहिलेलें असतें. सांभाळाची अट मनांत असते, बोलण्यांत असते, कागदावर नसते.

सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या निकालांत म्हटलें कीं, अशी अट होती असें दिसल्याखेरीज हें कलम लागू होत नाहीं. पुढें २ जानेवारी २०२५ रोजीं ऊर्मिला दीक्षित प्रकरणांत त्याच न्यायालयानें, कायद्याचा हेतु लक्षांत घेऊन त्याचा अर्थ उदारपणें लावावा असें सांगितलें आणि आईनें मुलास दिलेलें बक्षीसपत्र रद्द केलें. पण तेथें मुलानें लिहून दिलेलें वचनपत्र आईच्या हातीं होतें, हें विसरूं नये. उदार न्यायाधीशासहि कांहीं तरी लिहिलेलें पुढें लागतें.

आतां घराबाहेरच्या निवाऱ्याकडे वळूं. आपल्याकडे वृद्धाश्रम ही वस्तु अगदीं कालची आहे असा समज आहे, तो बरोबर नाहीं. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या देणगीनें उभें राहिलेलें अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासूनचें असून तें आज ‘निवारा’ या नांवानें ओळखलें जातें. स्वयंसेवी संस्थांनीं चालविलेल्या वृद्धाश्रमांस राज्य सरकार १९६३ पासून अनुदान देत आलें. १९९५ सालीं मातोश्री वृद्धाश्रम योजना निघाली. २००७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमानें प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम उभारण्याविषयीं सांगितलें, पण ‘उभारावा’ असें नव्हे, ‘उभारतां येईल’ अशा शब्दांत. या शैथिल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या डिसेंबरांत अश्वनीकुमार यांच्या अर्जावर निकाल देतांना सरकारांचें लक्ष वेधलें. याशिवाय मासिक आकार व मोठी ठेव घेऊन चालणारे खाजगी आश्रम आतां पुण्याच्या आसपास गांवोगांव दिसूं लागले आहेत.

येथेंच कायद्याची मोठी उणीव आहे. मुलानें हयगय केली तर त्याला मंचरास जाब द्यावा लागतो. आश्रमाच्या चालकानें हयगय केली तर त्याला कोठें जाब द्यावा लागतो? संस्था सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या न्यास कायद्याखालीं धर्मादाय आयुक्त तिचे हिशेब पाहतात. पण हिशेबांत बेरीज बरोबर असली म्हणजे रात्रीं अंथरुणास खिळलेल्या म्हातारीला पाणी मिळालें असा अर्थ होत नाहीं. पैसे देऊन राहणाऱ्यास ग्राहक न्यायालयाचा मार्ग आहे. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हातचें संध्याकाळचें जेवण जेवावयाचें असतां तक्रार करण्यास किती जण धजतील? ठेव किती परत मिळणार, आकार कधीं व किती वाढणार, आजारीपणांत ठेवणार कीं घालविणार, खोली कोणत्या कारणानें काढून घेणार, हे प्रश्न बहुधा प्रवेशाच्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. मुलगा घाईंत असतो, म्हातारा संकोचांत असतो, आणि छापील फॉर्मावर सही होऊन जाते. २३ वें कलम शब्दशः पाहिलें तर केवळ मुलांपुरतें नाहीं. मिळकत घेणारा कोणीहि त्यांत येऊं शकेल. परंतु तेथेंहि अट लिहिलेली हवी, आणि ती लिहून घेण्याइतका जोर त्या घटकेस वृद्धाच्या मनगटांत नसतो.

ही उणीव सरकारास दिसली नाहीं असें नाहीं. २०१९ च्या डिसेंबरांत लोकसभेंत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकांत वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांस किमान दर्जा, आणि निर्वाहाची दहा हजारांची मर्यादा काढून टाकणें, हीं तिन्ही होतीं. तें स्थायी समितीकडे गेलें, आणि २०२४ सालीं सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हां बारगळलें. महाराष्ट्रांत घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या महारेरानें मे २०२४ मध्यें निवृत्तांसाठीं बांधावयाच्या घरांची किमान मानकें ठरवून दिलीं, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु तीं मुख्यतः दारांची रुंदी, उद्वाहन, चाकांची खुर्ची जाण्याजोगी वाट अशा बांधकामाविषयीं आहेत. भिंतींची काळजी घेण्यास आरंभ झाला. त्यांच्या आंत राहणाऱ्या मनुष्याची अजून व्हावयाची आहे.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, नवा कायदा होईल तेव्हां त्यानें जुन्नर-नाशिकच्या लेखांतील तीन गोष्टी तरी घ्याव्या. प्रत्येक आश्रमानें रहिवाशास समजेल अशा मराठींत करार लिहून द्यावा, व सोडून जाण्याचा त्याचा हक्क त्यांत असावा. ठेवीची रक्कम चालकाच्या गल्ल्यांत न जातां तिसऱ्याच्या, म्हणजे बँकेच्या, स्वतंत्र खात्यांत राहावी. व्याज आश्रमास, मुद्दल रहिवाशाचें. आणि करार प्रांताच्या दप्तरीं नोंदला जाऊन वर्षांतून दोनदां तरी कोणी अंमलदारानें न सांगतां येऊन रहिवाशांशीं एकांतांत बोलावें.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील. एक असा कीं, इतकी बंधनें घातलीं तर धर्मबुद्धीनें चालविलेले लहान आश्रम बंद पडतील. हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणून दहा-पंधरा वृद्ध सांभाळणाऱ्या संस्थेस मोठ्या आश्रमाचीं मानकें लावूं नयेत, उलट नोंदणीबरोबर अनुदान द्यावें. पण तपासणींतून मात्र तिलाहि वगळूं नये, कारण दुबळ्यावर होणारा अन्याय आश्रमाचा आकार पाहून होत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘मुलाकडून सांभाळाची अट लिहून घ्यावयाची म्हणजे नात्याला बाजार करावयाचा,’ असें पुष्कळ सद्गृहस्थ म्हणतात. त्यांना आम्ही पुन्हां उषवदाताकडे बोट दाखवितों. श्रद्धा नव्हती म्हणून त्यानें लेख कोरविला नाहीं; श्रद्धा होती, आणि ती आपल्या मागेंहि टिकावी असें त्याला वाटलें, म्हणून कोरविला. ज्याच्या मनांत सांभाळण्याचें आहे त्या मुलास दोन ओळी लिहून देण्यांत काय जातें? आणि ज्याला त्या जड वाटतात, त्याच्याविषयीं बापास वेळींच कळलें हेंहि कांहीं वाईट नव्हे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ज्यांना अक्षय म्हटलें त्या नीवी अक्षय राहिल्या नाहींत. विणकरांच्या आणि कांसारांच्या श्रेणी मोडल्या, निगमसभा गेली, व्याज थांबलें, आणि जुन्नरचीं लेणीं ओस पडलीं. अक्षरें राहिलीं, पण तीं अंमलांत आणणारा कोणी उरला नाहीं. म्हणून लेख हवा, तशी त्या लेखामागें उभी राहणारी माणसेंहि हवींत: मंचरच्या कचेरींत अर्ज वेळेवर हातीं घेणारा अंमलदार, आश्रमांत जाऊन विचारपूस करणारा निरीक्षक, आणि शेजारच्या म्हाताऱ्यास तो अर्ज लिहून देणारा गांवांतला एखादा शिक्षक. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जमिनीचे अथवा घराचे कागद या वर्षीं मुलांच्या नांवें व्हावयाचे असतील, त्यांनीं निबंधकाच्या कचेरींत जाण्यापूर्वीं कागदांत सांभाळाची अट आहे कीं नाहीं हें एकदां वाचून पाहावें. आणि घरांतल्या कोणास आश्रमांत ठेवण्याची वेळ आली असेल, तर सही करण्यापूर्वीं तो करार त्या वृद्धासच मोठ्यानें वाचून दाखवावा.